वाढलेल्या बांगड्यांचा भाव

बार्शीच्या आमच्या कासार गल्लीत उकल सगळ्यात आधी आमच्या दुकानात आली, आणि ती मी आणली. आईला विचारलं होतं, म्हणजे तसं विचारलं होतं. ती एका बाईच्या अंगठ्याचा सांधा दाबून हिरवी बांगडी वर सरकवत होती. अशा वेळी ती कशालाही "हूं" म्हणते. मी लगेच अर्ज भरून टाकला.

उकल म्हणजे काय हे आता बालवाडीतल्या पोरांनाही माहीत आहे, पण तेव्हा ती नवीकोरी होती आणि मला ती समजावून सांगायचं वेड लागलं होतं. आठवीपर्यंत हजेरीला माझा आवाज बाईंपर्यंत पोचत नव्हता. नववीत मी परिपाठाला पुढे उभी राहून उकलीवर इतकी बोलले की बाई म्हणाल्या, "दहितुले, आता खाली बस. राष्ट्रगीत राहिलंय."

तर ते असं आहे. युरोपियम आणि टर्बियम नावाची दोन मूलद्रव्यं असतात. काच वितळलेली असताना त्यांचे क्षार चिमटीपेक्षाही कमी टाकले तर काचेचा रंग बदलत नाही. पण त्या काचेवर अतिनील प्रकाश पाडला की युरोपियम लाल चमकतं आणि टर्बियम हिरवं. दोघांचं प्रमाण बदललं की चमक बदलते. अशी पाच-सहा मूलद्रव्यं घेतली की लाखो वेगवेगळ्या चमका तयार होतात, म्हणजे भट्टीतल्या प्रत्येक घाण्याला स्वतःचा ठसा मिळतो. काचेत क्षार, साबणाच्या वेष्टनावर शाई, कापडात धागा, प्रत्येक वस्तूत काही ना काही. माल एका हातातून दुसऱ्या हातात गेला की तिथे बॅटरी मारून ठसा वाचायचा आणि कितीला घेतला, कितीला दिला ते नोंदवायचं. मग शेवटी गिऱ्हाइकाने मोबाईल धरला की किंमत फुलासारखी उघडते. एक पाकळी कच्च्या मालाची, एक मजुरीची, एक गाडीभाड्याची, एक कराची, एक घाऊक व्यापाऱ्याची, एक दुकानदाराची.

मी पहिल्यांदा आमची साधी बांगडी उकलून बघितली तेव्हा मला दुसरं काही सुचेना. आमच्या बिलावर 'कर शून्य' छापलेलं असतं आणि आई ते अभिमानाने दाखवते. पण फुलात कराची पाकळी होती, चांगली जाडजूड.

"आई, हे बघ. तुझा शून्य."

"बिघडलं असेल ते," आई म्हणाली.

बिघडलं नव्हतं. मी दोन दिवस डोकं खाजवून ते शोधून काढलं. फिरोजाबादचा कारखानदार रंगावर कर भरतो, खोक्यांवर भरतो, गाडीभाड्यावर भरतो. ज्या मालावर पुढे कर लागतो, त्याच्या कारखानदाराला आधी भरलेला कर त्यातून वळता करून मिळतो. बांगडीवर पुढे करच नाही, मग वळता कशातून करणार? तो आतच अडकून बसतो आणि बांगडीची किंमत होतो. घाऊक व्यापारी आपले टक्के त्या सगळ्या किमतीवर लावतो, म्हणजे अडकलेल्या करावरही लावतो. मग आई तिचे टक्के त्याच्यावर लावते. कारखान्यात भरलेला एक रुपया आमच्या काउंटरवर येईपर्यंत पावणेदोन झालेला असतो. आणि सरकारला त्यातला एकच मिळतो.

"म्हणजे करावर नफा?" आई म्हणाली.

"आणि नफ्यावर नफा."

"माझ्या टक्क्यांबद्दल गल्लीत बोलत फिरू नकोस म्हणजे झालं."

मला कशाला बोलावं लागतंय? आता सगळ्यांना मोबाईलवर दिसणारच होतं.

उकलीला बॅटरीखेरीज एक कानही असतो, बुंदीच्या लाडवाएवढा. दुकानदाराचे दोन्ही हात कामात असतात, तो टाइप कधी करणार? म्हणून कान काउंटरवर चिकटवायचा. "दोन डझन लाल दिल्या", "चार परत आल्या", एवढं तो ऐकतो आणि साठ्याचा हिशेब ठेवतो. गल्लीने त्याचं नाव कानोबा ठेवलं. शेजारचे तांब्या-पितळेवाले काका रोज त्याला नमस्कार करून "आज कुणाचं काय ऐकलंत देवा?" असं विचारायचे.

लग्नसराई तोंडावर आली आणि शिराळकाकू आल्या. काकू बँकेत आहेत. लग्न होऊन बार्शीत आल्या तेव्हापासून त्यांनी दुसऱ्या कासाराच्या हातून बांगडी भरलेली नाही. त्यांच्या कृत्तिकाचं लग्न ठरलं होतं. चुडा भरायला आई त्यांच्या घरी जाणार, नवरीपासून पाहुण्यारावळ्यांपर्यंत सगळ्या बायकांचे हात भरणार, असं दोघींचं कृत्तिका दहावीत असल्यापासून ठरलेलं होतं. वर्षातलं सगळ्यात मोठं काम असतं ते. त्यावर आमचे पुढचे तीन-चार महिने निघतात.

मीच त्यांना म्हटलं, "काकू, मोबाईल धरा ना बांगडीवर. गंमत बघा."

काकूंनी धरला. फूल उघडलं. काकूंचा चेहरा मिटला.

"अश्विनी," त्या आईला म्हणाल्या, "एकाहत्तर टक्के?"

"कशाचे वहिनी?"

"तुझ्या नफ्याचे. शंभरातले एकाहत्तर तुला."

आई हसली. "एवढे सुटत असते तर मी ह्या मोडक्या स्टुलावर बसले असते का?"

"बाकीच्यांकडून घे बाई, धंदा आहे. पण माझ्याकडूनसुद्धा?"

"वहिनी, ते यंत्र काहीतरी..."

"यंत्र कशाला खोटं बोलेल? त्याला काय पोरगी उजवायचीय?" काकूंनी पिशवी उचलली. "चुड्याचं कळवते तुला."

आमच्याकडे 'कळवते' म्हणजे नाही.

उकलीचा मोबाईलवर शहराचा नकाशाही असतो. त्याच आठवड्यात त्यात आमच्या दुकानावर लाल ठिपका आला. लाल ठिपका म्हणजे 'बिनहिशेबी मालाचा संशय'. गिऱ्हाईक पायरीपर्यंत यायचं, मोबाईल बघायचं आणि पुढच्या दुकानात जायचं. आई कपाटाच्या काचा पुसत राहिली, पुसलेल्याच परत. मी रोज रात्री तेच आकडे नव्याने मांडायचे आणि रोज तिथेच येऊन अडकायचे. आईचा नफा कुठल्याही हिशेबाने एकाहत्तर येत नव्हता.

मग उकलीच्या कचेरीतून तपासणीला चाफेकर मॅडम आल्या. मला वाटलं होतं कोणीतरी चष्मा नाकावर घेतलेलं येईल. ही तर ताई म्हणावी अशी, पाठीवर सॅक, पायात बूट. पुण्याहून सकाळच्या एसटीने आलेली. तिने टॅबलेट काउंटरवर ठेवला आणि खोकी मोजायला घेतली. मोजून झाल्यावर ती आईला म्हणाली, "जादा माल कुठे ठेवलाय?"

"जादा? मॅडम, मला आहे तोच पुरत नाहीये."

"हिशेबात ह्याच्यापेक्षा पुष्कळ माल दिसतोय. आणि तो कुणाकडून घेतला त्याची नोंद नाही. बिलाशिवाय आलेला माल म्हणजे फुकटचा माल, मग तो सगळा तुमचा नफा. एकाहत्तर तिथून आलेत."

आईने पुसायचं फडकं खाली ठेवलं. मग तिने मॅडमच्या हाताकडे बघितलं. तपासणीला आलेली असो नाहीतर भांडायला, आमच्या दुकानातून बाई मोकळ्या हाताने गेलेली तिला चालत नाही.

"चहा येईपर्यंत हात द्या," ती म्हणाली.

"मी कधी घातल्या नाहीत काचेच्या."

"म्हणूनच द्या. मूठ सैल सोडा. माझ्याकडे बघू नका, बाहेर बघा."

पहिली गेली. दुसरी गेली. तिसरी अंगठ्याच्या हाडावर अडली आणि कट्ट आवाज झाला. आईने तुकडे पदराआड घेतले आणि नेहमीच्या हळू आवाजात म्हणाली, "एक वाढली."

कानोबाचा दिवा लुकलुकला. मी टॅबलेटकडे बघत होते. साठ्याचा आकडा एकाने वर गेला.

माझ्या पोटात गुदगुल्या झाल्या. खरंच, गणिताचं उत्तर जमायच्या आधी होतात तशा.

"आई, अजून एक फोड."

"वल्ले, जीभ हासडीन," आई म्हणाली. बाईचा हात हातात असताना मी तो शब्द उच्चारला होता.

"बरं, अजून एक वाढव. मॅडम, तुम्ही फक्त इथे बघा."

आईने तुकड्यांच्या डब्यातली एक तडकलेली घेतली, दोन बोटांत दाबली आणि म्हणाली, "वाढली." आकडा आणखी एकाने वर.

मॅडम आधी आकड्याकडे बघत राहिल्या, मग आईकडे. "वाढली म्हणजे... गेली?"

"मग? वाढली म्हणजे वाढलीच," आई म्हणाली. "त्याला दुसरं काय म्हणतात?"

बांगडीला ते दुसरं, 'फुटली', कुणी म्हणतच नाही. नवरा गेलेल्या बाईच्या बांगड्यांसाठी तो शब्द पूर्वी वापरायचे, म्हणून एरवी कासाराच्या तोंडी तो येत नाही. नारळासारखीच बांगडीही वाढते. आणि हात भरताना वाढलेल्या बांगडीचे पैसे कासार कधी घेत नाही. शंभर घेतल्या आणि वीस हातावर वाढल्या तर आई ऐंशीच विकते, आणि त्या वीसांची भरपाई ह्या ऐंशींच्या भावात बसवते. उकलीच्या हिशेबात मात्र आमच्याकडे एकशेवीस होत्या.

मॅडमनी सगळी नोंद उलगडून बघितली आणि मग त्या हसायलाच लागल्या. "इथे 'दोन पोळ्या वाढ' असंही आहे. तुमच्या साठ्यात पोळ्यासुद्धा आहेत ताई."

"ते हिला दुपारी जेवायला..." आई पण हसली, बऱ्याच दिवसांनी.

"सोपं आहे. उद्यापासून 'फुटली' म्हणायचं. ठिपका आपोआप जाईल."

आईचं हसू थांबलं. "नवरीचा हात धरून?"

"फक्त यंत्रासाठी हो."

"यंत्राच्या समोर बाई बसलेली असते ना मॅडम. माझ्या सासूने म्हटलं नाही, मी म्हणणार नाही. राहू दे मग तुमचा लाल ठिपका."

आणि ती खरंच राहू देणार होती, मी तिला ओळखते. दुकान गेलं असतं तरी चाललं असतं. मी मॅडमना म्हटलं, "कानोबाला मराठी कोण शिकवतं? त्यांना फोन लावा."

पुण्याच्या भाषा विभागातले एक सर फोनवर आले. म्हणाले, "वाढणे म्हणजे संख्येने अधिक होणे. प्रणाली योग्य आहे."

एक वर्षापूर्वी मी फोन आईकडे दिला असता. मी म्हटलं, "सर, तुमच्या वास्तुशांतीला नारळ वाढवला होता का?"

"हो. का?"

"मग किती झाले?"

पलीकडे खुर्ची करकरली. मग त्यांच्या मागे कुणीतरी मोठ्याने हसलं. सर म्हणाले, "नमुने पाठवा. वेगवेगळ्या आवाजांत, वेगवेगळ्या वाक्यांत. शब्दाच्या शेजारी काय येतं त्यावरून तो अर्थ शिकेल."

ती संध्याकाळ मी जन्मात विसरणार नाही. मी गल्लीतल्या सगळ्या बायकांना दुकानात बोलावलं. "आमटी वाढ." "पोरगी केवढी वाढली गं." "माल वाढलाय." "ह्या हातावर तीन वाढल्या." तांब्या-पितळेवाले काका येऊन म्हणाले, "माझं वजन वाढलं, हे चालेल का?" चालेल म्हटलं. मॅडमची परतीची एसटी चुकली आणि त्या दुकानातच आमच्याबरोबर जेवल्या. आईने त्यांना आमटी वाढली आणि नमुने शिकलेल्या कानोबाने ह्या वेळी काहीही मोजलं नाही.

ठिपका गेला. आमच्या बांगडीच्या फुलात एक नवी पाकळी आली, 'वाढ' नावाची. आईच्या नफ्याची पाकळी आक्रसून एकोणीसवर आली. निघताना मॅडम म्हणाल्या, "एक सांगते ताई. दिसलेल्या पाकळीबद्दल बोलायचा गिऱ्हाइकाला हक्क असतो. कुणाच्या हातावर किती वाढल्या तेही आता कळणार. ज्याचा खर्च त्यालाच लावा, असं गिऱ्हाईक म्हणू शकेल."

मला ते फार न्यायाचं वाटलं. आईने फक्त "हूं" केलं, आणि तेव्हा तिच्या हातात कुणाचाही हात नव्हता.

ठिपका गेल्यावर शिराळकाकूंनी कळवलं. खरोखरचं कळवलं. "उद्या ये चुडा भरायला" एवढाच निरोप, बाकी काही नाही. गेल्यावरही त्या आईशी नीट बोलेनात, नुसतं पाणी दिलं. अंगणात सतरंजी, बायकांची रांग, मध्ये आई आणि तिच्याजवळ सोबत आणलेला कानोबा. काकूंचा मोबाईल खिडकीत उघडा ठेवलेला, पैसे त्याच देणार होत्या. कृत्तिकाच्या हातावर एकच वाढली. काकूंच्या हातावर एकही नाही, त्यांचा हात लोण्यासारखा आहे.

मग त्यांची थोरली बहीण बसली, शोभामावशी. मावशींची द्राक्षबाग आहे आणि छाटणी त्या स्वतः करतात. कात्री धरून धरून त्यांची बोटं जाड झालीत आणि अंगठ्याचं हाड बाहेर आलंय. एक वाढली, दोन वाढल्या. आईने साबणाचं पाणी लावलं. तरी आणखी वाढल्या.

मोबाईल वाजला. कृत्तिकाच्या चुलत बहिणीने तो उचलून मोठ्याने वाचला, "वाढीचा खर्च हातानुसार लावायचा की सर्वांवर सारखा? अय्या मावशी, तुझ्या बांगड्या नवरीपेक्षा महाग आहेत. तिप्पट."

सगळ्या हसल्या. मावशी पण हसल्या. मग त्यांनी हात हळूच मागे ओढला.

"राहू दे गं अश्विनी. दोन चढल्यात, बास. ह्या हाताला कुठं शोभतात."

आईने हात सोडला नाही. ओढलाही नाही. नुसता धरून ठेवला.

काकू पडद्याकडे बघत होत्या. त्यांचं आयुष्य बँकेत गेलंय. "तसं बघितलं तर बरोबरच आहे ते," त्या म्हणाल्या. "ज्याचं त्याला."

"बरोबरच आहे की," मावशी म्हणाल्या. त्यांनी मान खाली घातली होती.

माझ्याकडे बोलायला अख्खं भाषण तयार होतं. पण आईने माझ्याकडे बघितलं आणि मी ते गिळलं. तेव्हा मला कळलं की मॅडमचं बोलणं ऐकून आईने 'हूं' का केलं होतं. आता काकूंनी वरचं, 'हातानुसार'चं बटण दाबलं असतं तर मावशी भाचीच्या लग्नात दोन बांगड्यांनी मिरवल्या असत्या, आणि उद्या गल्लीत जाड हाताच्या सगळ्या बायका आमच्या पायरीवरून परत गेल्या असत्या. आईला एक रुपयाही कमी मिळाला नसता. तरी ती तशी बसली होती, मावशींचा हात मांडीवर घेऊन.

काकूंनी मोबाईलवरून नजर काढली आणि त्या हाताकडे बघितलं.

"शोभाताई, मी बँकेची परीक्षा द्यायला पुण्यात राहिले तेव्हा माझ्या खोलीचं भाडं कुणी भरलं गं?"

"आता ते काय मधेच."

"लोकांच्या बागा छाटत होतीस तू. हे हाड तेव्हाचं आहे. ह्या फुलात त्याची पाकळी कुठंय?" मग माझ्याकडे वळून, "वल्लरी, कुठं दाबायचं? सगळ्यांवर सारखं."

"खालचं बटण, काकू."

"आणि परत विचारू नको म्हणून?"

"त्याच्याही खाली."

काकूंनी दोन्ही दाबली, जरा जोरातच. "सोड मूठ सैल," त्या मावशींना म्हणाल्या. "सगळा डबा रिकामा झाला तरी चालेल." मावशींनी हात पुढे केला आणि त्या बाहेर बघू लागल्या. आईने नवी बांगडी घेतली, अंगठ्याचं हाड तळव्यात दाबलं, आणि ती अशी गेली की मला दिसलीसुद्धा नाही.

दुपार कलली तेव्हा सगळे हात भरून झाले. आईने एकूण रक्कम सांगितली. काकूंनी फूल उघडून सगळ्या पाकळ्या एकदा पाहिल्या, रंग, खोकी, गाडीभाडं, अडकलेला कर, घाऊकवाला, वाढ, आणि शेवटी आईचे एकोणीस टक्के. मग मोबाईल पालथा घातला.

"काहीतरी कमी कर की, अश्विनी."

उकल आल्यापासून आमच्याकडे कुणी भाव केलाच नव्हता. एक तर लोक आकडा बघून गप्प पैसे द्यायचे, नाहीतर गप्प निघून जायचे. आईने पदर खोचला आणि ती पूर्वीसारखी तिरकी होऊन बसली.

"वहिनी, तुम्हाला आतलं सगळं दिसतंय ना? मग कुठून कमी करू?"

"दिसतंय म्हणून तर मागतेय. अंदाजाने मागितलं असतं तर अर्ध्यावर आले असते."

"अर्ध्यात तुम्हाला खोकी मिळतील, रिकामी."

"शंभर सोड."

"वीस."

"वीस? पोरीचं लग्न आहे माझ्या."

"आणि माझं पोट आहे. चाळीस, आणि त्यावर एक शब्द नाही."

मी सतरंजीवर बसकण मारली आणि मावशींनी पुढे केलेला लाडू घेतला. ह्या दोघींचं आता दिवेलागणीपर्यंत आटपणार नव्हतं.